टेस्ट पास झाली, पण रिपोर्ट पोचला का? (दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमधली देवाणघेवाण)

चाचणीवाली
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे. दहा ते तीस खाटांच्या नर्सिंग होमसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे केसपेपर, बिलिंग, लॅब, डिस्चार्ज कार्ड असं सगळं. गेलं वर्षभर ते आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे दवाखान्यांमधल्या नोंदी एकमेकांना देता-घेता याव्यात म्हणून सरकारने उभारलेल्या यंत्रणेला, जोडायचं काम चाललं होतं. ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन टप्पे असतात, आम्ही एम-वन, एम-टू, एम-थ्री म्हणतो. पहिल्यात पेशंटचा चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे आरोग्य ओळख क्रमांक, काढायचा आणि पडताळायचा. दुसऱ्यात आपल्याकडच्या नोंदी त्या नंबराला जोडायच्या आणि कोणी मागितल्या तर देता यायला हव्यात. तिसऱ्यात पेशंटच्या संमतीने दुसरीकडच्या नोंदी मागवून आपल्या स्क्रीनवर दाखवायच्या. आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या खोट्या सिस्टीममध्ये, सगळं करून दाखवायचं, मग फंक्शनल टेस्टिंग, मग सिक्युरिटी ऑडिट, आणि मग खऱ्या सिस्टीमला जोडणी.

आमचं सगळं झालं, ऑफिसात पेढे वाटले. आणि तिसऱ्याच आठवड्यात एका नर्सिंग होमच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा पेशंट पुढच्या उपचारांसाठी मोठ्या हॉस्पिटलला गेला, तिथे त्यांनी संमती घेऊन आमच्याकडून डिस्चार्ज समरी मागवली, ती मिळाली पण, पण औषधांच्या जागी नुसतं 'औषधे' एवढं शीर्षक आणि खाली काहीच नाही! पाच औषधं होती, त्यात एक रक्त पातळ करायची गोळी. मुलाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदी डिस्चार्ज कार्ड होतं म्हणून निभावलं.

मी दोन दिवस खणत बसले. आम्ही प्रत्येक औषध वेगळी नोंद म्हणून पाठवत होतो आणि समरीच्या त्या भागात त्या नोंदींकडे बोट दाखवत होतो. समोरचं सॉफ्टवेअर फक्त त्या भागात लिहिलेला मजकूर दाखवत होतं, आणि मजकूर आम्ही भरलाच नव्हता, कारण तो ऐच्छिक आहे. म्हणजे नियमाने आम्ही पण बरोबर आणि ते पण बरोबर. दोघांकडे पास झाल्याचं पत्र आहे.

मला खरंच विचारायचंय, असं काही पकडायला नेमकी काय टेस्ट करायची? या किंवा जवळच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी अनुभव लिहा. डॉक्टर, लॅबवाले, पेशंटचे नातेवाईक, सगळ्यांनीच लिहा.

कंदीपेढा
पेढे साताऱ्याचे होते का तेवढं आधी सांगा, मग विषयावर बोलू :)

चाचणीवाली
@कंदीपेढा, चितळ्यांचे होते. पुढच्या वेळी साताऱ्याहून मागवते, नक्की.

नवखा_डेव्ह
वाचनखूण साठवली. आमचं एम-टू चालू आहे सध्या. तीन आठवडे नुसत्या एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे नोंद कुलूपबंद करून पाठवण्यात, गेले, ते कर्व्ह २५५१९ वाली किल्ली दोन्हीकडे जुळवता जुळवता जीव मेटाकुटीला आला. शेवटी समोरून डिक्रिप्ट झालेला मजकूर दिसला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आत काय आहे ते बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तुमचं वाचून आत्ता उठून बघितलं, आमचा पण तो मजकूर रिकामाच जातोय. धन्यवाद ताई.

पाइपवाला
वीस-बावीस वर्षं याच धंद्यात काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण नवी नाही. आम्ही सुरुवात केली तेव्हा एचएलसेव्हनचं, म्हणजे हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरनी एकमेकांना संदेश कसे पाठवायचे त्या स्टँडर्डचं, दुसरं व्हर्जन होतं, अजूनही जगातली कितीतरी हॉस्पिटलं त्यावरच चालतात. एकेक ओळ, मध्ये उभ्या दांड्या, म्हणून माझं नाव पाइपवाला. त्यात इतकं काही ऐच्छिक होतं की 'एक एचएलसेव्हन बघितलंत म्हणजे एकच एचएलसेव्हन बघितलंत' असं आम्ही म्हणायचो. नवीन हॉस्पिटल म्हणजे नवीन जोडणी, पुन्हा पहिल्यापासून. त्यावर उतारा म्हणून तिसरं व्हर्जन आणलं, ते इतकं कडक की लोकांना झेपेना. मग २०११ च्या सुमारास ग्रॅहम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन माणसाने फायर (FHIR) या नव्या स्टँडर्डची कल्पना मांडली, वेबवाल्या पोरांना कळेल अशा भाषेत. आपल्याकडे मिशनने त्याचं आर-फोर व्हर्जन घेतलंय आणि त्याची भारतीय प्रोफाइलं, म्हणजे आपल्यासाठी ठरवलेले साचे, पुण्यातच होतात, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या एनआरसीईएस या केंद्रात. तुम्ही पुण्यातच आहात तर त्यांची गाइड उशाला घेऊन झोपा.

पण मुद्दा असा की स्टँडर्ड फक्त पत्रिकेचा साचा ठरवतं. व्हॅलिडेटर, म्हणजे तपासणारा प्रोग्रॅम, बघतो की साचा नीट भरलाय का, पहिली नोंद कंपोझिशनचीच (अनुक्रमणिकेसारखी असते ती) आहे ना, तारीख तारखेसारखी दिसते ना. आत काय लिहिलंय ते समोरच्याला कळलं का, हे व्हॅलिडेटरच्या हातातच नाही. हे तपासायचं तर समोर दुसरा माणूस आणि दुसरं सॉफ्टवेअर लागतं.

रेडिओलॉजीवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. १९९८ मध्ये आयएचई नावाचा उपक्रम निघाला आणि १९९९ पासून त्यांचं कनेक्टॅथॉन भरतं. एका मोठ्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं लावायची, एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांचे इंजिनिअर शेजारी शेजारी बसवायचे आणि आठवडाभर एकमेकांच्या मशीनला संदेश पाठवत राहायचं. साधारण तीन वेगवेगळ्या जोडीदारांशी जमलं की ती टेस्ट पास, आणि ते बघायला तटस्थ मॉनिटर. मी दोनदा गेलोय. तिथे रात्री नऊ वाजता स्पर्धक कंपनीचा माणूस तुमच्या खुर्चीवर बसून तुमचा बग शोधत असतो, हे दृश्य मी विसरणार नाही. तुमच्या टेस्टिंगमध्ये हा जोडीदार नव्हता, एवढंच झालंय.

बार्शीचा_डॉक्टर
मी थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका. माझी ओपीडी ऐंशी पेशंटची आहे. ही सगळी सॉफ्टवेअरवाली मंडळी मला सांगतात की निदान यादीतून निवडा, औषध यादीतून निवडा, कोड लागतो. एका पेशंटमागे दीड मिनिट जास्त धरलं तरी ऐंशी पेशंटचे दोन तास झाले. ते दोन तास मी कुठून आणू?

मला समोरून पीडीएफ मिळाली तरी पुरे आहे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो व्हॉट्सॅपवर येतो तो मी वाचतोच की. मिशनमध्ये नुसतं डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवायची सोय आहे, ती वापरा आणि मोकळे व्हा. धागाकर्तीने पीडीएफ जोडली असती तर ती पाच औषधं दिसली असती की नाही?

नवखा_डेव्ह
डॉक्टरांशी सहमत. आमचे क्लायंट पण हेच म्हणतात.

रक्ततपासणी
डॉक्टरसाहेब, एक पीडीएफ असेल तर ठीक, पण माझ्याकडे येणाऱ्या किडनीच्या पेशंटचे दोन वर्षांत चाळीस रिपोर्ट होतात. क्रिएटिनिन चढतंय की उतरतंय हे बघायला तुम्ही चाळीस पीडीएफ उघडणार का? आकडा आकडा म्हणूनच गेला पाहिजे.

आणि आकडा गेला की खरी मजा सुरू होते. मी कोल्हापुरात लॅब चालवते. प्लेटलेटचंच घ्या. एकाच सँपलचा रिपोर्ट एक लॅब '१.५ लाख' लिहिते, दुसरी '१५०' लिहिते म्हणजे दीडशे हजार, तिसरी '१,५०,०००' लिहिते. कागदावर तिन्ही बरोबर आहेत, डॉक्टरला सवयीने कळतं. आता डेंग्यूच्या सीझनमध्ये एका पेशंटचे तीन दिवसांचे रिपोर्ट तीन लॅबमधून एकाच ॲपमध्ये आले. पहिला १५०, दुसरा ०.९, तिसरा ४५०००. ॲपने इमानदारीत ग्राफ काढला! दीडशेवरून शून्यावर आपटला आणि तिसऱ्या दिवशी आभाळाला टेकला. त्या पोराच्या आईने ग्राफ बघून मला रात्री अकराला फोन केला, रडत होती. मुलाच्या प्लेटलेट खरंच उतरत होत्या, पण ग्राफ सांगत होता की वाढल्यात. तिला काय समजावू?

आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं, युनिट का नाही पाठवत, तर म्हणे युनिट ऐच्छिक आहे. मग मी हट्टच धरला. आता प्लेटलेटला लॉइंक (लॅबच्या तपासण्यांची जागतिक कोडसूची) कोड ७७७-३ आणि युनिट दहाचा तिसरा घात, म्हणजे हजार, प्रति मायक्रोलीटर, छापील रिपोर्टवर मात्र 'लाख'च, कारण आमच्या इकडच्या डॉक्टरांना तेच हवं असतं. आत वेगळं आणि कागदावर वेगळं, हे करता येतं, फक्त कोणीतरी मागावं लागतं.

पाइपवाला
@रक्ततपासणी, अगदी हेच. आणि वाचकांसाठी सांगतो, फायरच्या नियमाने निकालाच्या जागी '१.५ लाख' हे नुसते शब्द म्हणून पाठवले तरी व्हॅलिडेटर हिरवाच दाखवतो. शब्द पाठवायला परवानगी आहे, कारण 'पॉझिटिव्ह', 'निगेटिव्ह' असे निकाल पण असतात.

लीड्सकर
युनिटवरून आठवलं. आई सांगलीहून आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती, मधुमेह आहे. इथे इंग्लंडात जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेलो, आई अभिमानाने म्हणाली 'माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सात आहे'. इथे ते मिलिमोल प्रति मोलमध्ये मोजतात, आपलं सात टक्के म्हणजे इथलं ५३. आणि साखर पण इथे मिलिमोलमध्ये, म्हणजे उपाशीपोटी ७ म्हणजे आपल्याकडचे १२६. त्यामुळे त्या डॉक्टरीणबाईंनी 'सात' हा शब्द ऐकून तो साखरेचा आकडा समजला. पाच मिनिटं दोघी वेगवेगळ्या सातबद्दल बोलत होत्या आणि मी मध्ये दुभाषी. माणसं समोरासमोर होती म्हणून सुटलं. दोन कॉम्प्युटर असते तर एकमेकांना 'ठीक आहे' म्हणून निघून गेले असते.

लॉइंकमध्ये टक्केवाल्या एचबीएवनसीला एक कोड (४५४८-४) आणि मिलिमोलवाल्याला वेगळा कोड आहे, हे मला त्यानंतर कळलं. इतका बारीक विचार कोणीतरी करून ठेवलाय हे बघून बरं वाटलं.

शंकेखोर
सगळे स्टँडर्ड स्टँडर्ड करताय, पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. माझी माहिती दिल्लीत कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन पडणार आणि उद्या विमा कंपनी म्हणणार तुम्हाला २०१९ मध्ये ॲसिडिटी होती. याची टेस्ट कोण करतं?

चाचणीवाली
@शंकेखोर, नोंदी एका ठिकाणी गोळा होत नाहीत. जिथे तयार झाल्या तिथेच, म्हणजे त्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये राहतात. मधली यंत्रणा फक्त संमती सांभाळते आणि दोघांची गाठ घालून देते, आणि जाताना नोंद कुलूपबंद जाते. आभा घेणं पण ऐच्छिकच आहे.

तुमचा दुसरा भाग मात्र मला पण टोचतो. संमतीत कशासाठी हवंय, कुठल्या तारखांमधल्या नोंदी, आणि माहिती कधी पुसायची ही वेळ पण लिहिलेली असते. आमच्या टेस्टमध्ये मी बघते की संमती रद्द केली की पुढची मागणी नाकारली जाते, मुदत संपली की आमच्या स्क्रीनवरून नोंद जाते. पण आधीच घेतलेली नोंद समोरच्याने खरंच पुसली का, त्याच्या बॅकअपमधून पण गेली का, हे मला बाहेरून तपासता येत नाही. तिथे ऑडिट आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा यांच्यावरच भिस्त.

शंकेखोर
सरळ उत्तराबद्दल आभार. समाधान नाही झालं, पण कुठपर्यंत शंका घ्यायची ते कळलं.

ओहायोवाली
टेस्ट पास होणं म्हणजे काय यावर इकडचं एक प्रसिद्ध प्रकरण सांगते. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर सरकारने डॉक्टरांना कॉम्प्युटरवर नोंदी ठेवण्यासाठी अनुदान दिलं, त्यातली एक अट अशी की सॉफ्टवेअर सर्टिफाइड पाहिजे. ईक्लिनिकलवर्क्स ही मोठी कंपनी. औषधांचे प्रमाणित कोड वापरता येतात का, ही सर्टिफिकेशनची एक टेस्ट होती आणि त्यात कुठली औषधं विचारणार ते आधीच माहीत असायचं. सरकारचा आरोप असा की कंपनीने पूर्ण औषधसूचीतून कोड शोधायची सोय केलीच नाही, टेस्टला लागणारे सोळा कोड तेवढे प्रोग्रॅममध्ये थेट लिहून ठेवले. टेस्ट पास. २०१७ मध्ये १५.५ कोटी डॉलरवर प्रकरण मिटलं.

मी स्वतः इकडे हॉस्पिटलच्या आयटीत आहे, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना हादरा बसला होता. त्या कंपनीवर राग काढणं सोपं आहे, पण मला ते आपल्या दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचासारखं वाटतं. प्रश्न आधीच ठाऊक असले की मुलं उत्तरं पाठ करणारच. प्रश्नपत्रिका दर वेळी बदलायला हवी. 'टेस्ट पेशंट वन'चा हिमोग्लोबिन बारा हे वर्षानुवर्षं तेच ठेवलं तर काय कळणार?

बार्शीचा_डॉक्टर
सोळा कोड! वाचून थक्क झालो. बरं, @रक्ततपासणी यांचा चाळीस पीडीएफचा मुद्दा मान्य. लॅबचे आकडे आकडे म्हणूनच यावेत, मशीनमधून आपोआप येतात त्यामुळे माझा वेळ पण जात नाही. पण निदान आणि औषधं मी टाइप करायची, तिथे माझा विरोध कायम आहे.

पाइपवाला
डॉक्टर, तुमचा विरोध रास्त आहे आणि त्याची पण टेस्ट हवी. डॉक्टरने 'शुगर' लिहिलं की पहिल्या तीन पर्यायांत टाइप टू मधुमेह यायला हवा, किती सेकंदात निवडता आला ते मोजायचं. स्नोमेड, म्हणजे आजार-निदानांची जागतिक कोडसूची, भारतात वापरायला फुकट आहे, आपला देश २०१४ पासून सदस्य आहे, औषधांचे भारतीय कोड पण एनआरसीईएसने काढलेत. माल आहे, मांडणी नाही. शोधायची चौकट चांगली असली तर कोड डॉक्टरला दिसायची पण गरज नाही.

दत्ताचा_भाऊ
अवांतर आहे पण लिहितोच. तुम्ही औषधं आणि आकडे म्हणताय, पण पेशंट कोण ते तरी बरोबर ओळखता का? आमच्या गावात आमच्या पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी लिहिली ती तारीख. आमच्याच घरात दोन चुलत भाऊ, एक दत्तात्रय, एक दत्ताजी, दोघांनाही दत्ताच म्हणतात, आडनाव एक, दोघांची जन्मतारीख १ जून, साल एकच, आणि दवाखान्यात दोघांचा मोबाईल नंबर माझा, कारण मीच घेऊन जातो. एकाला पेनिसिलिन चालत नाही.

ओहायोवाली
आमच्या बाबांचा पण १ जून! मी लहानपणी समजायचे की १ जूनला महाराष्ट्रात फार बाळं होतात.

माहेरची_नलू
आणि आम्हा बायकांचं? माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आधारवर एक, जुन्या फायलीवर दुसरं. माझ्या थायरॉइडच्या जुन्या रिपोर्टवर मी 'सौ.' पासून सुरू होते, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने माझं पहिलं नाव सौ आहे :)

चाचणीवाली
@दत्ताचा_भाऊ, हे अवांतर अजिबात नाही. पेशंट आपल्या जुन्या नोंदी शोधतो तेव्हा आमच्याकडे नाव, लिंग, जन्मसाल आणि मोबाईल येतो आणि त्यावरून जुळवायचं असतं. आमच्या टेस्टमध्ये 'नाव थोडं वेगळं असलं तरी सापडलं पाहिजे' अशी केस आहे. 'दोन सापडले तर स्वतःच न ठरवता विचारलं पाहिजे' अशी केस मी ठेवलीच नव्हती. आज लिहिली. केसचं नाव 'दोन दत्ता'. आणि नलूताई, तुमची 'सौ.' पण घेतली.

नवखा_डेव्ह
देवनागरीत नाव टाकून बघा एकदा सगळ्यांनी. आमच्याकडे नोंदणी मराठीत होते, फायरमध्ये नाव व्यवस्थित जातं कारण तिथे युनिकोडच आहे, पण मधल्या जुन्या लॅब मशीनच्या जोडणीतून परत आलं की 'ज्ञानेश्वर' च्या जागी दहा प्रश्नचिन्हं. बारकोडवर पण प्रश्नचिन्हं. एका दिवसात प्रश्नचिन्ह नावाचे एकवीस पेशंट झाले होते.

सिस्टर_कुडाळ
मी एकोणतीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी प्रसूती वॉर्डात. कॉम्प्युटरमधलं मला फार कळत नाही पण दोन गोष्टी सांगते.

पहिली. आमच्याकडे एक बाळ पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी झालं. कावीळ-बची लस, पोलिओचा शून्य डोस, बीसीजी सगळं तासाभरात दिलं. पुढे महिन्याभराने दुसऱ्या दवाखान्यात ॲपवर बघितलं तर लस आदल्या दिवशीची! म्हणजे बाळ व्हायच्या आधी लस दिली. तिथल्या मॅडमनी आईला विचारलं की खरंच दिली होती का, आणि ती बिचारी घाबरली. मी रजिस्टर काढून फोटो पाठवला तेव्हा मिटलं. कॉम्प्युटरवाले म्हणाले वेळेचा घोळ आहे, लंडनच्या घड्याळाचा.

दुसरी. डॉक्टर रात्री फोनवर ऑर्डर देतात तेव्हा आम्ही काय करतो? ऐकलं आणि दिलं असं कधीच करत नाही. लिहून घेतो आणि डॉक्टरांना परत वाचून दाखवतो, औषध, मात्रा, किती वेळा. डॉक्टर 'बरोबर' म्हणाले की मगच. पंधरा आणि पन्नास फोनवर सारखंच ऐकू येतं म्हणून आकडे सुटे सुटे बोलतो, एक-पाच, पाच-शून्य. ही सवय आम्हाला पहिल्या वर्षी लावतात. तुमचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना परत वाचून दाखवतात का?

पाइपवाला
सिस्टर, दोन-दहा मधून साडेपाच तास वजा केले की आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ-चाळीस. जन्माची नुसती तारीख गेली ती भारतातली, लसीची वेळ गेली ती ग्रीनिचची, आणि समोरच्याने परत भारतीय वेळेत न बदलता तारीख तेवढी कापून दाखवली.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही दाखवत. समोरून 'मिळालं' एवढंच येतं. काय मिळालं ते कोणीच वाचून दाखवत नाही. वीस वर्षांत हा प्रश्न मला असा कोणी विचारला नव्हता.

चाचणीवाली
सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून डेस्कसमोर लावलाय. थोडे दिवस द्या, काहीतरी करून बघते आणि इथेच कळवते.

कंदीपेढा
मी विनोद करायला आलो होतो, आता धागा सोडवत नाही. एक सामान्य माणसाचा प्रश्न: एमआरआयची सीडी आम्ही कुठल्याही हॉस्पिटलात नेली तरी उघडते. ते कसं जमलं मग?

पाइपवाला
फार चांगला प्रश्न. त्याचं नाव डायकॉम. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि मशीन बनवणारे एकत्र बसले, १९८५ मध्ये पहिली आवृत्ती आली, १९९३ मध्ये ते डायकॉम या नावाने आलं. त्यात एक गोष्ट मला अजून सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक मशीनवाल्याला एक कागद जाहीर करावा लागतो, कन्फॉर्मन्स स्टेटमेंट, की आमचं मशीन नेमकं काय पाठवतं, काय घेतं, कुठली ऐच्छिक गोष्ट भरतं, कुठली भरत नाही. विकत घेणारा दोन मशीनचे कागद शेजारी ठेवून खरेदीच्या आधी बघू शकतो. तुमच्या त्या रिकाम्या औषधांच्या बाबतीत असे दोन कागद असते तर दहा मिनिटांत कळलं असतं. बार्शीच्या डॉक्टरांनी पुढचं सॉफ्टवेअर घेताना हा कागद मागावा. घेणाऱ्याने मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

बार्शीचा_डॉक्टर
मागतो. तालुक्याच्या आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर पण टाकतो.

चाचणीवाली
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

त्या मोठ्या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या टेस्टरला मी सरळ फोन केला. तो पण मराठीच निघाला, लातूरचा, आणि त्याला पण ते प्रकरण झोंबलं होतं. आम्ही दोघांनी साहेबांची परवानगी घेऊन एक शनिवार ठरवला. सँडबॉक्समध्ये अकरा खोटे पेशंट केले, सगळे या धाग्यातले. दोन दत्ता, सौ. पासून सुरू होणारी बाई, पहाटे दोन-दहाचं बाळ, तीन लॅबच्या प्लेटलेट, देवनागरीतला ज्ञानेश्वर, त्या सोळा कोडच्या यादीबाहेरची औषधं असलेला एक पेशंट वगैरे.

मग सिस्टरची रीत. मी पाठवायचं, त्याने आपल्या स्क्रीनवरून वाचायचं. मूळ नोंद त्याने बघायची नाही. जे दिसतं ते हाताने कागदावर लिहायचं आणि फोनवर मला वाचून दाखवायचं, आकडे सुटे सुटे. मग उलट, त्याने पाठवायचं, मी वाचायचं.

अकरातले चारच पहिल्या फेरीत बरोबर निघाले. दोघांकडेही व्हॅलिडेटर सगळीकडे हिरवा होता. सगळ्यात वाईट म्हणजे एका पेशंटला गोळी 'अर्धी' होती, आमच्या डॉक्टरने लिहिलेली, ती त्याच्याकडे 'एक' अशी दिसली, कारण पूर्णांकात बदलताना त्यांचं सॉफ्टवेअर वर ढकलत होतं. आणि आमच्याकडे त्यांच्या ॲलर्जी दिसतच नव्हत्या, अजिबात नाही, आम्ही ती नोंद वाचायचा कोडच लिहिला नव्हता कारण टेस्टच्या पेशंटना कधी ॲलर्जी नसायची. ते कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. कोणा खऱ्या पेशंटला काही झालं नाही, मागच्या सगळ्या नोंदी तपासल्या, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

दोन आठवडे दोन्हीकडे दुरुस्त्या केल्या. औषधांचा मजकूर पण भरतो आणि वेगळ्या नोंदी पण देतो. काल दुसरी फेरी झाली, अकरातले दहा. बाळाची तारीख अजून त्यांच्याकडे एका स्क्रीनवर चुकते, ते करतायत.

सिस्टर_कुडाळ
वाचून डोळे भरून आले. अर्धी गोळी सापडली ना, बस्स. बाळाचं पण होईल.

रक्ततपासणी
मला पण घ्या तुमच्या शनिवारात. माझ्याकडे गुंतागुंतीचे रिपोर्ट भरपूर आहेत, कल्चर सेन्सिटिव्हिटीचा एक पाठवते, त्यात एका जंतूला चौदा अँटिबायोटिक्स आहेत, नावं बदलून देते. तो कुणी बरोबर वाचून दाखवला तर माझ्याकडून कोल्हापुरी भडंग.

नवखा_डेव्ह
आम्ही पण येऊ का? आमचं एम-थ्री पुढच्या महिन्यात आहे, त्याच्या आधीच करायचंय.

चाचणीवाली
या सगळे. पुढचा शनिवार, सकाळी अकरा. प्रत्येकाने येताना आपापला एक अवघड पेशंट खोट्या नावाने घेऊन यायचा, आणि तो काय आहे ते आधी कोणालाच सांगायचं नाही. बाकी व्यक्तिगत निरोपातून बोलू.

कंदीपेढा
पेढ्यांचं माझ्याकडे लागलं. साताऱ्याचे.